समज देऊन सोडलं म्हणजे नक्की काय केलं?

मराठी पेपरातलं एक वाक्य लहानपणापासून वाचत आलोय. ‘पोलिसांनी त्यांना समज देऊन सोडून दिले.’ रात्री उशिरापर्यंत डीजे वाजवणारे, टेकडीवर दारू पिऊन धिंगाणा घालणारे, कॉलेजच्या गेटवर हाणामारी करणारे, सगळ्यांना शेवटी समज मिळते आणि ते सुटतात. हे वाक्य आलं की बातमी संपली. पण समज मिळाली म्हणजे नक्की काय मिळालं? त्याची कुठे नोंद होते का? आणि सोडलं ते कायमचं की तात्पुरतं? मला तरी हा प्रश्न इतकी वर्षं पडलेला नव्हता.

पडला तो आमच्या टीममधल्या एकामुळे. सिग्नल पिवळ्याचा लाल होताना पठ्ठ्याने गाडी दामटली, पुढे मामांनी अडवलं. लायसन्स बघितलं, दोन मिनिटं झापलं, “शिकलेले दिसता तुम्ही, असं करता का? जा, परत दिसू नका” असं म्हणून सोडलं. हा खूश. नवव्या दिवशी मोबाईलवर मेसेज, त्याच सिग्नलचं, त्याच वेळेचं चलन. कँटीनमध्ये त्यावरून जी चर्चा झाली ती दीड तास चालली (त्या दिवशीचं बिल्ड फुटलं त्याला हेही एक कारण आहे). एक पार्टी म्हणत होती, पोलिसाने सोडलं म्हणजे विषय संपला, एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा कशी? दुसरी म्हणत होती, खांबावरच्या कॅमेऱ्याला काय माहीत मामा काय बोलले ते. दोन्ही बाजूंचा आवाज मोठा होता आणि कायदा कोणीच वाचलेला नव्हता. म्हणून दोन वीकएंड घालवून मी तो वाचला, आणि वाचता वाचता सव्वाशे वर्षं मागे गेलो. कारण रस्त्यावर पोलिसाने तोंडी दिलेली ताकीद ही चक्क कायद्यात लिहिलेली गोष्ट आहे. फक्त तिचा अर्थ आपण समजतो त्याच्या बरोबर उलटा आहे.

तर गोष्ट सुरू होते इंग्लंडात, केंट परगण्यातल्या पॅडक वूड नावाच्या गावात, २८ जानेवारी १८९६ ला. वॉल्टर अर्नोल्ड नावाचा गृहस्थ आपली बेंझ गाडी घेऊन गावातून गेला. वेग ताशी ८ मैल. तेव्हा गावातली मर्यादा होती ताशी २ मैल! हे २ मैल १८६५ च्या कायद्यातून आलेले. तो कायदा मुळात रस्त्यावरून चालणाऱ्या वाफेच्या अजस्र इंजिनांसाठी होता आणि त्यात गाडीच्या पुढे लाल झेंडा घेऊन एक माणूस चालला पाहिजे अशीही अट होती. अर्नोल्डच्या पुढे अर्थातच कोणी झेंडेवाला नव्हता. एका कॉन्स्टेबलने घराबाहेर येऊन हे बघितलं, सायकलवर टांग मारली आणि पाचेक मैल पाठलाग करून त्याला गाठलं. वेगाबद्दल दंड झाला एक शिलिंग, वर कोर्टाचा खर्च. वेगाबद्दल शिक्षा झालेला हा पहिला मोटारवाला म्हणून त्याचं नाव आजही सांगतात.

या प्रकरणात एक गोष्ट आपोआप होत होती, जी पुढे होईनाशी झाली. पोलिसाने पकडलं तेव्हा अर्नोल्डला तिथल्या तिथे कळलं की आपल्याला पकडलंय आणि कशासाठी. सायकलवरून धापा टाकत आलेला माणूस समोर उभा असताना गैरसमजाला जागाच नसते.

त्याच वर्षी कायदा बदलला, झेंडेवाला गेला, मर्यादा १४ मैल झाली आणि लगेच नियम करून ती १२ वर आणली गेली. गाड्या मात्र ३०-४० मैलांनी पळू लागल्या होत्या. सायकलवरून त्यांना गाठणं कॉन्स्टेबलच्या बापालाही शक्य नव्हतं. मग १९०३ चा मोटार कार अॅक्ट आला, १ जानेवारी १९०४ पासून लागू झाला. आपण आज जी नंबरप्लेट लावतो तिचा ब्रिटिश जन्म याच कायद्यातला. मूळ सौदा असा होता की मोटारवाल्यांनी गाडीवर नंबर लावायचा, म्हणजे बेदरकार चालवणारा सापडेल, आणि बदल्यात वेगमर्यादा काढून टाकायची. संसदेत मात्र चर्चा तापली, धुळीने आणि भोंग्याने वैतागलेल्या खेड्यांची बाजू घेणारे बरेच निघाले, आणि शेवटी नंबरही आला आणि ताशी २० मैलांची मर्यादाही आली. मोटारवाल्यांच्या बाजूने भांडणारा मुख्य खासदार जॉन स्कॉट-माँटेग्यू. स्वतः मोटारवेडा, सातव्या एडवर्डला गाडीत फिरवणारा.

आता नंबर लावल्यामुळे काय झालं बघा. पूर्वी गुन्हा करणाराला पकडल्याशिवाय खटला भरता येत नव्हता. आता नंबर लिहून घेतला की पुरे! गाडी निघून गेली तरी चालेल, रजिस्टरमधून मालक शोधा आणि समन्स पाठवा. म्हणजे ‘पकडणं’ आणि ‘गुन्हा नोंदवणं’ या दोन गोष्टी पहिल्यांदाच वेगळ्या झाल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर सिंक्रोनस कॉलचा असिंक्रोनस झाला. आणि असिंक्रोनस झालं की जे प्रश्न येतात ते सगळे आले. समोरच्याला कळणार कधी? उशीर झाला तर? मेसेज पोचलाच नाही तर?

कल्पना करा, १९०४ साली तुम्ही लंडनहून पोर्ट्समथला गाडीने गेलात. दीड महिन्याने घरी समन्स येतं, अमुक तारखेला अमुक वळणापाशी तुम्ही २६ मैलांनी जात होता. तुम्हाला ते वळणही आठवत नाही. शेजारी कोण बसलं होतं, गाडी मी चालवत होतो की ड्रायव्हर, काहीच आठवत नाही. पोलिसाकडे मात्र डायरीत नोंद आहे. बचाव करणार कशाच्या जोरावर?

म्हणून १९०३ च्या कायद्याच्या नवव्या कलमात एक पोटकलम आहे. वेगाबद्दल खटला भरायचा असेल, तर एकतर गुन्ह्याच्या वेळीच त्या माणसाला ‘तुझ्यावर खटला भरला जाणार आहे’ अशी ताकीद दिलेली पाहिजे, नाहीतर जास्तीत जास्त २१ दिवसांच्या आत त्याला किंवा रजिस्टरवरच्या मालकाला तशी नोटीस गेली पाहिजे. दोन्ही नाही, तर शिक्षा नाही.

म्हणजे कायद्यातला ‘ताकीद’ हा शब्द सोडून देण्याची निशाणी नव्हे, खटला येणार याची ती आगाऊ सूचना आहे. आपल्या पेपरातली ‘समज’ म्हणजे दार बंद झालं. इंग्लंडच्या कायद्यातली ताकीद म्हणजे दार उघडलं. मला हे वाचून जाम मजा वाटली. आपल्याकडेही पूर्वी ‘ताकीद’ हा चांगला वजनदार शब्द होता. मराठेशाहीच्या दप्तरात ताकीदपत्रं असायची, ती हुकमाची पत्रं. घरात आई ‘ताकीद देते’ तो अर्थ त्या मानाने फारच पातळ.

त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, ज्याचं मला खास कौतुक वाटतं. फक्त एका साक्षीदाराच्या मतावर वेगाचा गुन्हा सिद्ध होणार नाही. याला कारण होतं. तेव्हा वेग मोजायची पद्धत म्हणजे ‘ट्रॅप’. रस्त्यावर एक फर्लांग, म्हणजे २२० यार्ड अंतर मोजायचं, दोन्ही टोकांना झुडपात एकेक कॉन्स्टेबल, गाडी पहिल्या टोकावरून गेली की रुमाल हलवायचा, दुसऱ्याने स्टॉपवॉच दाबायचं. २० मैलांच्या वेगाने फर्लांग कापायला साडेबावीस सेकंद लागतात. दोन सेकंदांची चूक झाली, साडेवीस मोजले गेले, की तुम्ही जवळजवळ २२ मैलांवर! आणि हातात घड्याळ, दूरवरचा रुमाल, वर धुळीचा लोट. एवढ्या मोजमापावर पहिल्या गुन्ह्याला १० पौंडांपर्यंत दंड. तो त्या काळी कॉन्स्टेबलच्या कित्येक आठवड्यांचा पगार होता.

मोटारवाले गप्प बसणारे नव्हते. १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली ती मुख्यतः या ट्रॅपांवर नजर ठेवायला. त्यांचे सायकलस्वार रस्त्याने फिरायचे आणि पुढे ट्रॅप आहे असं गाड्यांना खुणावायचे. (आपल्याकडे समोरून येणारा डिपर मारतो, तेच हे. पुढे मामा आहेत, हेल्मेट घाल.) पोलिसांनी यावर खटले भरले. १९०७ च्या ‘बॅस्टेबल विरुद्ध लिटल’ मध्ये कोर्ट म्हणालं, ज्या गाड्यांना इशारा दिला त्या मर्यादेबाहेर होत्या असं सिद्धच झालेलं नाही, मग पोलिसांच्या कामात अडथळा कसला? १९१० च्या ‘बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स’ मध्ये मात्र गाड्या आधीच जोरात होत्या, इशारा मिळताच हळू झाल्या. कोर्ट म्हणालं, हा अडथळा आहे, कारण तू पुरावाच नाहीसा केलास.

मग असोसिएशनने जी युक्ती काढली तिला तोड नाही. त्यांचा गस्तवाला सभासदाच्या गाडीवरचा बिल्ला बघून सलाम करायचा. सभासदांना सांगून ठेवलं की गस्तवाल्याने सलाम केला नाही तर गाडी थांबवून त्याला कारण विचारा. म्हणजे पुढे ट्रॅप असेल तर गस्तवाला काहीच करायचा नाही! आता सलाम न केल्याबद्दल कोणाला कोर्टात खेचणार? सर्व्हर मॉनिटरिंगमध्ये हार्टबीट म्हणतात ते हेच. ठरावीक वेळाने सिग्नल येत राहतो, आणि तो आला नाही हाच अलार्म. आम्हाला हे डिझाइन कोणीतरी मोठ्या कंपनीचं म्हणून शिकवतात. १९१० नंतर सायकलवाले करत होते.

गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. हे सगळे हक्क, आगाऊ ताकिदीचा, एका साक्षीदाराचं मत पुरेसं नसण्याचा, हे मिळवले कोणी? लॉर्डांनी, खासदारांनी, ज्यांच्याकडे १९०३ मध्ये मोटार घेण्याइतका पैसा होता अशांनी. पंतप्रधान बाल्फोर स्वतः मोटारवाला होता. कोंबड्या चोरणाऱ्या शेतमजुराला ‘गुन्ह्याच्या वेळी ताकीद दिली होती का’ असं कोणी विचारत नव्हतं. पोलिसाच्या शब्दावर आयुष्यात पहिल्यांदा शंका घ्यायची वेळ साहेब लोकांवर आली आणि लगेच कायद्यात कलम आलं. मला याचा राग येतो, पण त्याचवेळी असंही वाटतं की कलम चांगलं आहे. कोणीही मिळवलं असेना, नंतर ते सगळ्यांच्या कामाला येतं.

पुढचा टप्पा १९३० चा रोड ट्रॅफिक अॅक्ट. १९०६ मध्येच एका रॉयल कमिशनने २० मैलांची मर्यादा काढून टाका म्हणून सांगितलं होतं, ते अखेर चोवीस वर्षांनी झालं. मोटारींची सरसकट वेगमर्यादाच गेली (आणि १९३४ च्या कायद्याने वस्त्यांमध्ये ३० मैलांची परत आली). पण ताकिदीचं कलम गेलं नाही. उलट ते वाढलं. आता वेगासोबत धोकादायक आणि निष्काळजी ड्रायव्हिंगही त्यात आलं, आणि २१ दिवसांचे १४ झाले. शब्दही पक्के झाले. ‘खटला भरण्याच्या प्रश्नाचा विचार केला जाईल’ अशी ताकीद त्याच वेळी द्यायची, किंवा १४ दिवसांत समन्स, किंवा १४ दिवसांत नोटीस.

आज ब्रिटनमध्ये हेच १९८८ च्या एका कायद्याचं पहिलं कलम आहे. त्यात एक अपवाद आहे. त्या वेळी गाडीमुळे अपघात झाला असेल तर ताकिदीची गरज नाही, कारण अपघात विसरायला कोणाला नोटिशीची वाट बघावी लागत नाही. तोंडी ताकिदीवरून कोर्टात बरंच भांडण झालंय. ठरावीक शब्दच उच्चारले पाहिजेत असं नाही. ‘त्याच वेळी’ म्हणजे त्याच सेकंदाला असंही नाही. पण समोरच्याला ती ऐकू आली आणि कळली पाहिजे. गाडीचं इंजिन घरघरतंय, माणूस घाबरलाय, पोलीस काहीतरी पुटपुटला, तर ती ताकीद झाली का, हा खराखुरा वाद होऊ शकतो. एक खोच मात्र पोलिसांच्या बाजूची आहे. उलट सिद्ध होईपर्यंत ताकीद दिली गेली असंच तिथे धरून चालतात.

पोलिसाने खटला न भरता नुसतं समजावून सोडण्याची कल्पनाही तिथे त्याच काळात सरकारी धोरण म्हणून आली. १९३८ मध्ये लँकशर आणि आणखी काही भागांत गस्तीच्या गाड्यांचा एक प्रयोग झाला. पोलिसांनी चालकांना थांबवायचं, सभ्यपणे चूक दाखवायची, शक्यतो कोर्टात न्यायचं नाही. लोकांनी त्यांना ‘कर्टसी कॉप’ म्हणजे सौजन्यवाले पोलीस असं नाव दिलं. म्हणजे एकाच देशात, एकाच रस्त्यावर, पोलिसाच्या तोंडून येणाऱ्या दोन वेगळ्या ताकिदी. एक म्हणते, तुझ्यावर खटला येऊ शकतो. दुसरी म्हणते, या वेळी नाही. ऐकणाऱ्याला फरक कळायचा असेल तर शब्द नीट ऐकायला हवेत.

आता आपल्याकडे येऊ. १९३९ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळाने मोटार वाहन कायदा केला तेव्हा समोर १९३० चा ब्रिटिश कायदा होताच. ताकिदीचं कलम जवळजवळ जसंच्या तसं आलं. स्वातंत्र्यानंतर तोच कायदा चालू राहिला, मग १९८८ चा नवा झाला, १ जुलै १९८९ पासून लागू झाला, आणि कलम त्यातही उतरलं. कलम २०९. ते म्हणतं, कलम १८३ (अतिवेग) किंवा १८४ (धोकादायक ड्रायव्हिंग) खाली खटला असेल तर आरोपीला दोषी ठरवायला तीनपैकी एक गोष्ट झालेली हवी. गुन्ह्याच्या वेळीच खटल्याचा विचार होईल अशी ताकीद, किंवा १४ दिवसांत गुन्ह्याचं स्वरूप, वेळ आणि ठिकाण सांगणारी नोटीस, किंवा २८ दिवसांत समन्स. नाव-पत्ता प्रयत्न करूनही मिळालाच नाही, किंवा आरोपीनेच चुकवाचुकवी केली, तर सूट. ब्रिटिश कायद्यातलं ‘उलट सिद्ध होईपर्यंत ताकीद दिली असं धरा’ हे वाक्य मात्र आपल्या कलमात नाही. एका साक्षीदाराच्या मताचं कलमही आपल्याकडे आहे, १८३ मध्येच. १९०३ च्या इंग्लिश झुडपातला तो कॉन्स्टेबल अजून आपल्या कायद्यात बसलेला आहे.

आधी मला वाटलं की सिग्नल तोडणं यात येत नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीने, जी १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली, कलम १८४ ला एक स्पष्टीकरण जोडलं. लाल सिग्नल तोडणं, चालवताना हातात मोबाईल धरणं, उलट दिशेने घुसणं, ही सगळी ‘धोकादायक ड्रायव्हिंग’ मध्ये आली. म्हणजे चलन या कलमाखाली असेल आणि प्रकरण कोर्टात गेलं तर २०९ लागू होतं. हेल्मेट, पार्किंग, कागदपत्रं यांना मात्र नाही. तिथे ताकिदीचा प्रश्नच येत नाही.

मग आमच्या दोस्ताचं काय? मामांनी “जा, परत दिसू नका” म्हटलं, ही २०९ ची ताकीद नव्हे. त्यात खटल्याचा शब्द नाही, उलट सोडल्याचा भाव आहे. पण नवव्या दिवशी वेळ-ठिकाणासकट चलन आलं म्हणजे नोटिशीची बाजू भरून निघण्यासारखी आहे. आणि ‘दोनदा शिक्षा’ हा मुद्दा तर टिकतच नाही. घटनेच्या कलम २०(२) चं संरक्षण खटला चालून शिक्षा झालेल्या माणसाला आहे. झापणं ही शिक्षा नव्हे, मग ते कितीही मनापासून झापलेलं असो.

इथे कायद्यातली मला सगळ्यात विचित्र वाटलेली गोष्ट सांगतो. कलम २०० नुसार अधिकार दिलेला पोलीस अधिकारी जागेवर तडजोडीची रक्कम घेऊ शकतो. ज्याला आपण ‘पावती फाडणं’ म्हणतो ते. आणि एकदा पावती फाडली की त्याच कलमाचं दुसरं पोटकलम सांगतं, त्या गुन्ह्याबद्दल पुढे खटला चालणार नाही. संपलं. म्हणजे पैसे भरलेल्या माणसाचं प्रकरण कायद्याने कायमचं मिटतं, आणि ज्याला दया म्हणून सोडलं त्याचं मात्र उघडंच राहतं! दयेची पावती नसते. मामांनी चांगुलपणा दाखवला तो फक्त दोघांच्या आठवणीत आहे, आणि त्यातल्या एकाला संध्याकाळपर्यंत शंभर चेहरे बघायचेत.

एके काळी हे चालून जायचं, कारण बघणारा, ठरवणारा आणि लिहिणारा एकच माणूस होता. त्याने पुस्तक खिशात ठेवलं की गुन्हाही खिशात गेला. कॅमेऱ्याने हे तोडलं. ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम पुलापाशी पहिला वेगाचा कॅमेरा लागला. गॅट्सो जातीचा. तो शोधणारा मॉरिस गॅट्सोनीडस हा डच रॅली ड्रायव्हर, १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला. त्याने यंत्र बनवलं ते वळणावर स्वतःचा वेग मोजून आणखी जोरात जाता यावं म्हणून! मुंबईत ई-चलनं सुरू झाली २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये. आता बघणारा खांबावर, ठरवणारा कंट्रोल रूममध्ये, आणि लिहिणारं सॉफ्टवेअर. चौकातल्या मामांनी दिलेली सवलत यातल्या कोणालाच कळत नाही. आणि कळवायला फॉर्ममध्ये जागाही नाही. मी रोज असले फॉर्म बनवतो म्हणून सांगतो, ज्या गोष्टीला कॉलम नाही ती सिस्टिमच्या लेखी घडलेलीच नसते.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कॅमेऱ्याच्या चलनांसाठी नियम केले, १६७-अ. त्यात घटनेपासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत फोटो-व्हिडिओ जपून ठेवायचे असं आलं, कॅमेरा आहे हे सांगणारे फलक आधी लावायचे असंही आलं. कायद्यात १४ दिवस आणि नियमात १५. हा एक दिवस कुठून आला देव जाणे. ‘ऑफ बाय वन’ चूक फक्त आम्हीच करतो असं उगाच म्हणतात.

हा पंधरा दिवसांचा हट्ट कोणासाठी महत्त्वाचा आहे, तर माझ्यासारख्यासाठी फारसा नाही. मला मेसेज आला की मी पाच मिनिटांत भरून मोकळा होतो, वाद घालायला सुट्टी टाकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. खरा फरक पडतो डिलिव्हरीच्या पोरांना, रिक्षावाल्यांना, टेम्पोवाल्यांना. दिवसाला दहा तास रस्त्यावर, गाडी बऱ्याचदा दुसऱ्याच्या नावावर, रजिस्ट्रेशनला दिलेला मोबाईल नंबर कधीचा बंद. चलनं साचत जातात आणि एक दिवस गाडी विकताना किंवा नाकाबंदीत कळतं की इतके हजार बाकी आहेत. त्यातलं एखादं दीड वर्षापूर्वीचं, जिथे मामांनी म्हटलं होतं, “जा रे, पुढच्या वेळी बघ.” त्याला ते आठवतंही, पण सांगणार कोणाला, आणि कशाच्या आधारावर? १९०४ च्या त्या पोर्ट्समथ रोडवरच्या लॉर्डची अडचण आणि या पोराची अडचण अगदी एकच आहे. फक्त लॉर्डच्या बाजूने संसदेत माँटेग्यू होता.

निदान एवढं तरी माहीत असावं म्हणून लिहितो. फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत आहे. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या ५१४ मध्ये आहे. कलम १८४ ला कैदेचीही तरतूद असल्याने तिथे मुदत जास्त. चलन म्हणजे निकाल नव्हे, तो आरोप आहे. मान्य नसेल तर कोर्टात जाता येतं. आणि चौकात कोणी सोडलंच, तर तारीख, वेळ, चौक आणि मामांच्या छातीवरचं नाव लगेच फोनमध्ये टाइप करून ठेवायला काही हरकत नाही. आभार मानून मग. तोंडावर टाइप करायला लागलात तर सोडलेलं परत धरतील.

जाता जाता कलम २०९ मधले दोन शब्द. नोटीस हातात द्यायची, नाहीतर ‘रजिस्टर्ड पोस्टाने’ पाठवायची असं त्यात आहे. हे शब्द १९३० च्या ब्रिटिश कायद्यातून १९३९ मध्ये आले आणि तिथून १९८८ मध्ये. ब्रिटनने मधल्या काळात साध्या फर्स्ट क्लास टपालालाही परवानगी देऊन टाकली. आपल्याकडे चलन मोबाईलवर येऊ लागलं तरी कलमातले शब्द तसेच राहिले. आणि रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा पोस्ट खात्याने २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन करून टाकली.